हंगामात बदल नसलेल्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये नवख्याने ड्राफ्ट कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १५ संघांची लीग, ५० राउंडचा स्नेक ड्राफ्ट (दर राउंडला निवडीचा क्रम उलटा होतो), दहा रकान्यांची रोटिसरी मोजणी (प्रत्येक रकान्यातल्या क्रमाप्रमाणे संघाला गुण). ड्राफ्ट संपला की ट्रेड (अदलाबदल) नाही, वेव्हर (मोकळ्या खेळाडूंची यादी) नाही, बाहेरचा खेळाडू उचलायची कोणतीच सोय नाही. आपल्याच ५० जणांतून दर आठवड्याला २३ जण उतरवायचे. नेहमीच्या फँटसी लीगची थोडी ओळख आहे, पण या प्रकारात पहिल्यांदाच उतरणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

या प्रकाराला ड्राफ्ट-अँड-होल्ड म्हणतात. एनएफबीसी या फँटसी बेसबॉल स्पर्धेच्या 'ड्राफ्ट चॅम्पियन्स' लीग याच साच्यातल्या आहेत आणि खालचे आकडे मी तोच साचा धरून देतो आहे. तुमच्या लीगचे नियम थोडे वेगळे असतील तर आकडे बदला. विचार करायची पद्धत तीच राहील.

आधी एक गुणाकार करा. १५ संघ, प्रत्येकी ५० खेळाडू, म्हणजे ७५०. मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या चालू यादीत २६ जण, म्हणजे ७८०. ड्राफ्ट संपेपर्यंत जवळजवळ अख्ख्या मेजर लीगइतके खेळाडू वाटून झालेले असतात. नेहमीच्या लीगमध्ये मे महिन्यात तुमचा तिसऱ्या बेसवरचा माणूस जायबंदी झाला तर त्याच रविवारी दुसरा उचलता येतो. इथे बेंचवर पर्याय नसेल तर ती जागा रिकामी राहते आणि रिकाम्या जागेतून काहीच मिळत नाही. म्हणून या प्रकारात कौशल्याइतकीच हजेरी विकत घ्यावी लागते. फलंदाज किती वेळा बॅट घेऊन उभा राहणार, पिचर (गोलंदाज) किती इनिंग टाकणार, हा प्रश्न प्रत्येक नावापुढे विचारायचा. आपल्याकडच्या फँटसी क्रिकेटमध्ये प्रत्येक सामन्याला नवा संघ बांधायची सवय असते, त्यामुळे हा फरक अंगवळणी पडायला वेळ लागतो. इथे मार्चमध्ये केलेली निवड सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सोबत राहते.

आता ५० जागा कशा वाटायच्या ते पाहू. रोज उतरणारे फलंदाज १४: दोन कॅचर, पहिला बेस, तिसरा बेस आणि या दोघांपैकी आणखी एक, दुसरा बेस, शॉर्टस्टॉप आणि या दोघांपैकी आणखी एक, पाच आउटफिल्डर आणि कोणत्याही फलंदाजासाठी मोकळी अशी एक जागा. पिचर नऊ. माझी शिफारस २६ फलंदाज आणि २४ पिचर अशी आहे. फलंदाजांत कॅचर तीन, कडेच्या बेसचे (पहिला-तिसरा) सहा, मधले (दुसरा बेस-शॉर्टस्टॉप) सहा, आउटफिल्डर नऊ, आणि उरलेले दोन एकापेक्षा जास्त जागी चालणारे. पिचरांत सोळा स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारे) आणि आठ रिलीव्हर (नंतर येणारे).

सोळा स्टार्टर नवख्यांना जास्त वाटतात. हिशेब असा. हंगाम साधारण २६ आठवड्यांचा. नऊ पिचरांपैकी सात स्टार्टर धरले तर २६ गुणिले ७ म्हणजे १८२ 'स्टार्टर-आठवडे' भरायचे आहेत. सोळा जणांत वाटले तर प्रत्येकाने सरासरी ११ ते १२ आठवडे कामाला यायला हवं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण या सोळांतले दोन-तीन जण कोपराच्या किंवा खांद्याच्या दुखापतीने हंगामातून जातील, दोन जण मायनर लीगमध्ये (खालच्या दर्जाच्या लीगमध्ये) परत पाठवले जातील, आणि जे उरतील त्यांनाही काही आठवडे बसवून ठेवावंसं वाटेल, कारण त्यांचा सामना डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवरच्या त्या मैदानात हवा विरळ असल्याने चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल पुरेसा वळत नाही. तेरा-चौदा स्टार्टरवर थांबलेले संघ जुलैमध्ये नाइलाजाने वाईट पिचर उतरवतात. त्याचं नुकसान मोजता येतं. तुमच्या संघाच्या १,२०० इनिंग ३.८० ईआरएने (दर नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावा) झाल्या असतील आणि त्यात ५.५० ईआरएच्या ६० इनिंग मिसळल्या तर एकूण ३.८८ होतो. दाटीवाटीच्या रकान्यात एवढ्या फरकाने एक-दोन गुण सहज जातात.

पहिल्या चार-पाच राउंडमध्ये लोक सगळ्यात उंच शिखर शोधतात. इथे शिखराबरोबर पायाही बघायचा. २०२३ मध्ये रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने ४१ होम रन आणि ७३ स्टील (चोरलेले बेस) केल्या, त्यामुळे २०२४ च्या ड्राफ्टमध्ये तो अगदी वरच्या क्रमांकावर जात होता. मे २०२४ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि त्याचा हंगाम ४९ सामन्यांवर संपला. पिचर स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २८१ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) घेतले. २०२४ मध्ये दोन सामन्यांनंतर कोपराची शस्त्रक्रिया झाली. अशा दुखापती कोणाला आधी कळत नाहीत, त्यामुळे त्यांना निवडणं ही चूक नव्हती. चूक तेव्हा होते, जेव्हा एखादा रकाना एकाच माणसावर उभा केलेला असतो. ज्याने स्टीलचा सगळा भार अकुन्यावर टाकला होता, त्याचा तो रकाना मेमध्येच बसला आणि तो उचलायला बाजारच नव्हता.

याउलट मॅट ओल्सन बघा. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही हंगामांत तो सगळे १६२ सामने खेळला. पिचरांत लोगन वेब २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी दोनशेच्या वर इनिंग टाकून गेला. दुसऱ्या टोकाला टायलर ग्लासनाउ. प्रत्येक इनिंगमागची त्याची कामगिरी वेबपेक्षा भेदक, पण २०२४ मधल्या १३४ इनिंग हीच तोवरची त्याची कारकिर्दीतली सर्वाधिक मजल होती. साप्ताहिक खरेदीच्या लीगमध्ये ग्लासनाउ घेऊन त्याच्या गैरहजेरीतले आठवडे वेव्हरवरून भरता येतात, म्हणून तिथे त्याला वरचा भाव मिळतो. इथे त्याच्या गैरहजेरीची किंमत तुमच्याच बेंचने मोजायची असते. असे पिचर घेऊच नका असं मी म्हणत नाही. पहिल्या चार स्टार्टरांत असा एकच असावा, आणि पहिला तर नसावाच.

मला पटलेली मांडणी अशी: पहिल्या सहा-सात राउंडमध्ये दोन स्टार्टर, बाराव्यापर्यंत चार किंवा पाच, दोन क्लोजर (शेवटच्या इनिंगला येऊन आघाडी राखणारे पिचर), आणि बाकी फलंदाज. पहिल्या दोन फलंदाजांपैकी निदान एकाकडे ताकद आणि वेग दोन्ही हवेत.

रकान्यांबद्दल दोन गोष्टी खोलात जाऊन समजून घ्या. पहिली गोष्ट सरासरीची. रन, होम रन, आरबीआय (फटक्याने मिळवून दिलेल्या धावा) आणि स्टील हे बेरजेचे रकाने आहेत. जास्त खेळलं की वाढतात. बॅटिंग सरासरी तशी नाही. काइल श्वार्बरने २०२३ मध्ये ४७ होम रन मारले, पण सरासरी .१९७ होती: ५८५ अॅट-बॅटमध्ये (सरासरीसाठी मोजलेल्या फलंदाजीच्या पाळ्यांत) ११५ हिट. तुमच्या बाकीच्या संघाचे ६,४०० अॅट-बॅट .२६० ने असतील तर एकट्या त्या हंगामामुळे संघाची सरासरी .२५५ च्या आसपास येते. हे परवडतं, पण त्याची भरपाई ड्राफ्टमध्येच करावी लागते. लुइस अराएझसारखा फलंदाज, ज्याने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं सरासरीचा किताब घेतला, तो अशा वेळी उपयोगी पडतो. त्याच्याकडून होम रन जवळजवळ मिळत नाहीत, म्हणून श्वार्बर नसलेल्या संघाला तो तितकासा लागत नाही. नवखे बरेचदा कमी सरासरीचे तीन-चार ताकदवान लागोपाठ घेतात आणि विसाव्या राउंडला सरासरी शोधायला निघतात. तोवर .२८० मारणारे आणि रोज खेळणारे संपलेले असतात.

दुसरी गोष्ट स्टीलची. २०२३ मध्ये बेसचा आकार १५ वरून १८ इंच केला, पिचला वेळेचं बंधन आलं आणि पिचरने बेसवर चेंडू फेकण्यावर मर्यादा आली. २०२२ मध्ये मेजर लीगमध्ये २,४८६ स्टील झाल्या होत्या, २०२३ मध्ये ३,५०३ झाल्या. त्यामुळे वीस स्टील करणारा आता पूर्वीइतका दुर्मिळ नाही, आणि शून्य स्टीलच्या फलंदाजाची किंमत मात्र गुपचूप घसरली आहे. पन्नास-साठ करणाऱ्या एकामागे धावण्यापेक्षा दहा ते वीस करणारे सात-आठ जण गोळा करणं या प्रकारात जास्त सुरक्षित आहे, कारण त्यातले दोन गेले तरी रकाना उभा राहतो.

कॅचरची जागा बहुतेकांना अवघड जाते. प्रत्येकी दोन कॅचर म्हणजे १५ संघांना ३० लागतात, आणि मेजर लीगमध्ये संघही तेवढेच ३० आहेत. प्रत्येक संघाचा मुख्य कॅचर कोणाच्या ना कोणाच्या यादीत आधीच बसलेला असतो. तिसरा घेताना तुम्ही कोणाच्या तरी बदली कॅचरवर हात ठेवत असता. पाय आणि हात सांभाळायला कॅचरना विश्रांती देतात, त्यामुळे ज्यांना कॅचिंग नसलेल्या दिवशी डेझिग्नेटेड हिटर (फक्त फलंदाजी करणारा) म्हणून किंवा पहिल्या बेसवर उतरवतात, त्यांची किंमत वेगळी ठरते. २०२४ मध्ये साल्वाडोर पेरेझ १५८ आणि विल्यम कोंट्रेरास १५५ सामने खेळला. एरवी मुख्य कॅचरही ११०-१२० सामन्यांच्या आसपास राहतो. पहिला कॅचर सातव्या ते बाराव्या राउंडमध्ये, दुसरा अठराव्यापर्यंत, तिसरा तिसाव्याच्या आसपास घ्यावा. कॅचर एका रांगेत जातात: एकाने घेतला की पुढच्या दहा निवडींत चार-पाच गायब होतात. तुमची पाळी त्या रांगेच्या शेवटी येणार असेल तर एक राउंड आधी घ्या. चाळिसाव्या राउंडनंतर तुमच्याच पहिल्या कॅचरचा बदली मोकळा असेल तर तोही घेण्यासारखा असतो, कारण पहिला जायबंदी झाला की त्याची हजेरी सरळ या बदलीकडे येते.

आता क्लोजर. सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन राखलेली आघाडी, हा दहापैकी एक रकाना आणि त्याचे धनी, म्हणजे क्लोजर, सरासरी तीस. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन. प्रत्यक्षात तेवढेही नसतात, कारण काही संघ नवव्या इनिंगचं काम दोघा-तिघांत वाटतात. क्लोजरची नोकरी फार लवकर जाते. एमॅन्युएल क्लासे २०२४ मध्ये ०.६१ ईआरए आणि ४७ सेव्हवर होता. जुलै २०२५ च्या अखेरीस सट्टेबाजीच्या चौकशीत त्याला रजेवर पाठवलं आणि तो त्या हंगामात परतला नाही. त्याच्या जागी केड स्मिथ शेवटच्या इनिंगला येऊ लागला. ज्याच्या बेंचवर स्मिथ होता त्याला नवं काही करावं लागलं नाही. म्हणून एक भक्कम क्लोजर चौथ्या ते आठव्या राउंडमध्ये, दुसरा बाराव्यापर्यंत, आणि पंचविसाव्यानंतर पाच-सहा 'पुढचे वारसदार' घ्यावेत. वारसदार निवडताना आठव्या इनिंगला कोण येतो आणि तो किती स्ट्राइकआउट घेतो हे बघा. डावखुरा असेल तर थोडा मागे ठेवा, कारण व्यवस्थापक त्याला बरेचदा डावखुऱ्या फलंदाजांसाठी राखून ठेवतात. नेहमीच्या लीगमध्ये 'सेव्ह नंतर वेव्हरवरून मिळतील' असं म्हणतात. इथे तो सल्ला विसरा.

दहाव्या ते पंचविसाव्या राउंडपर्यंतचा भाग कंटाळवाणा असतो आणि हंगाम तिथेच जिंकला जातो. इथे नामांकित तरुणाऐवजी रोज पाचव्या-सहाव्या क्रमांकावर खेळणारा तिशीपुढचा माणूस घ्या. बहुतेक लीगमध्ये मागच्या हंगामात एखाद्या जागी २० सामने खेळले की तिथली पात्रता मिळते. नियम नीट वाचा आणि दोन-तीन जागी चालणारे शोधा. कोडी बेलिंजरसारखा पहिला बेस आणि आउटफिल्ड दोन्ही सांभाळणारा खेळाडू ज्या वर्षी दोन्हीकडे पात्र असतो, त्या वर्षी तो बेंचवरचा जवळजवळ एक माणूस वाचवतो.

शेवटच्या वीस राउंडमध्ये नावापेक्षा कागदपत्र बघायचं. 'ऑप्शन' ही संकल्पना समजून घ्या: ४० जणांच्या यादीतल्या खेळाडूला साधारणपणे तीन हंगाम मायनर लीगमध्ये मोकळेपणाने पाठवता येतं. ते संपले की पाठवण्याआधी त्याला वेव्हरवर ठेवावं लागतं आणि दुसरा संघ त्याला उचलू शकतो. म्हणून ऑप्शन संपलेला पाचवा स्टार्टर थोडा कमी गुणी असला तरी एप्रिलमध्ये संघात टिकण्याची शक्यता जास्त. फॅनग्राफ्सच्या रोस्टररिसोर्स पानांवर प्रत्येक संघाचा क्रम, दुखापती आणि ऑप्शन दिसतात. ड्राफ्टभर ते पान उघडं ठेवा.

तरुण खेळाडूंचा मोह याच टप्प्यावर होतो. २०२४ मध्ये जॅक्सन हॉलिडे मोठा गाजावाजा होऊन आला, ३४ अॅट-बॅटमध्ये दोन हिट केले आणि दोन आठवड्यांत परत पाठवला गेला. त्याच वर्षी पिचर पॉल स्कीन्स ११ मे रोजी आला आणि १३३ इनिंगमध्ये १.९६ ईआरए देऊन गेला. दोघांपैकी कोण कुठला ठरेल ते मार्चमध्ये सांगता येत नाही. मात्र नव्या स्टार्टरची वाट बघणं फलंदाजापेक्षा सोपं असतं, कारण सोळा स्टार्टरांत एकाची जागा सहा आठवडे अडकली तर चालतं. सहाच मधले इन्फिल्डर असताना एक अडकला तर नाही. अजून मेजर लीगमध्ये न आलेले आणि एप्रिलमध्ये दुखापतग्रस्त यादीवर असणारे मिळून चारपेक्षा जास्त घेऊ नका. बेंच २७ जणांचा मोठा दिसतो, पण त्यात सहा-सात जण सुरुवातीलाच निकामी असतील तर जूनमध्ये तो वीसचाच उरतो.

ड्राफ्ट कधी करायचा, यालाही किंमत आहे. डिसेंबर-जानेवारीत भाव स्वस्त असतात, पण बरेच खेळाडू करारमुक्त असतात आणि क्लोजर ठरलेले नसतात. क्लोजर एडविन डिआझ मार्च २०२३ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्ये प्वेर्तो रिकोच्या विजयाचा जल्लोष करताना गुडघा दुखावून बसला आणि तो अख्खा हंगाम गेला. जानेवारीत त्याला घेतलेल्यांकडे करण्यासारखं काही उरलं नाही. पहिल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यातला ड्राफ्ट निवडा. लवकरचा निवडलाच तर दोन रिलीव्हर आणि एक स्टार्टर जास्त घ्या.

स्नेकचा क्रमही डोक्यात ठेवा. पहिल्या क्रमांकाला १, ३०, ३१, ६०, ६१ अशा पाळ्या येतात. दोन पाळ्यांमध्ये २८ जण जातात, म्हणून टोकाला बसलेल्याने जो हवा आहे तो 'अजून थोडा लवकर' वाटला तरी घ्यावा. आठव्या क्रमांकाला ८, २३, ३८ अशा समान अंतराने पाळ्या येतात. तिथे थांबणं परवडतं. सरासरी ड्राफ्ट क्रमांक, म्हणजे एडीपी, ही फक्त सरासरी असते. त्याच्यासोबत दिलेला सगळ्यात लवकरचा आणि सगळ्यात उशिराचा क्रमांक बघा. पंचविसाव्या राउंडनंतर एडीपीकडे बघणं जवळजवळ सोडून द्या आणि आपल्या गरजेनुसार घ्या.

ड्राफ्ट काही दिवस चालणारा असेल तर झोपण्याआधी रांगेत निदान पाच नावं लावून ठेवा, विशेषतः तुम्ही भारतातून खेळत असाल तर. घड्याळ संपलं की यंत्रणा एडीपीप्रमाणे निवडते. तुमच्याकडे आधीच चार पहिल्या बेसवाले आहेत हे तिला कळत नाही. आपला स्वतःचा तक्ता वेगळा ठेवा: नाव, सगळ्या पात्र जागा, संघ, अपेक्षित हजेरी, ऑप्शन. प्रत्येक पाच राउंडनंतर रकान्यांची ढोबळ बेरीज करा, म्हणजे विसाव्या राउंडला स्टीलचा खड्डा दिसल्यावर धावपळ होत नाही.

तुमची लीग 'बेस्ट बॉल' असेल, म्हणजे सर्वोत्तम कामगिरी यंत्रणाच आपोआप मोजत असेल, तर चढउताराचे खेळाडू थोडे जास्त घ्या, कारण वाईट आठवडे बेंचवरच राहतात. हजेरीचा नियम तिथेही तसाच लागू होतो.

ड्राफ्टनंतरचं काम फक्त उतरवण्याचं. पिचर सोमवारी ठरतात, फलंदाज सोमवारी आणि शुक्रवारी. पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७:०५ चा सामना भारतात पहाटे ४:३५ ला सुरू होतो, पण काही सामने दुपारचे असतात, म्हणून यादी सोमवारी संध्याकाळीच लावून टाका. बघायचं एवढंच: कोणत्या स्टार्टरला आठवड्यात दोन सामने आहेत, कोणत्या संघाचे सातऐवजी पाचच सामने आहेत, आणि कोण कूर्स फील्डला जाणार आहे. तिथे फलंदाज उतरवा आणि पिचर बसवा. एखादा पिचर दोन सामन्यांच्या आठवड्यात असला तरी त्यातला एक डेन्व्हरला असेल तर तो बसलेलाच बरा.